आबे फारिया : शक्ती कोणाची?



आपल्या तेरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी भडोच बंदरातून रोमन साम्राज्यात जात असे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच रोमला पुढे गोव्याहून गेलेल्या एका मुलाची हकीकत आज सांगावयाची आहे.

जुझे कुस्तोदिओ फारिया हा बार्देशातील कांदोळी गावचा. जन्म ३१ मे १७५६. आईबापांचे पटले नाही, तेव्हा चर्चच्या परवानगीने ती विभक्त झाली. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली, बाप पाद्री झाला. असे सारे घर धर्मसेवेत वाटले गेले. उरली बापलेकांची जोडी. तिने १७७१ साली लिस्बन गाठले. मुलगा रोमला शिकून १७८० साली पाद्री झाला.

आख्यायिका अशी, की पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनास उभा राहताच तो गांगरला. तेव्हा खालून बाप कोंकणीत कुजबुजला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ मुलाची जीभ सुटली.

१७८७ साली गोव्यातील पिंटोंचा कट उघडकीस आला. त्यात गोव्याचे पाद्री होते. संशय या बापलेकांवरही आला. १७८८ साली मुलगा पॅरिसला गेला, तो मायदेशी परतलाच नाही.

तेथे १८१३ साली त्याने मोहनिद्रेचे जाहीर प्रयोग सुरू केले. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातील अदृश्य चुंबकशक्तीमुळे गुंगी येते, असे मेस्मरचे अनुयायी मानीत. फारियाने सांगितले, शक्ती माझ्यात नाही. निद्रा येते ती निजणाऱ्याच्याच मनातून. लोकांनी त्याची टवाळी केली, रंगभूमीवर सोंगही काढले. १८१९ साली त्याचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला तो वारला. पुढे फ्रान्समधील नान्सीच्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे उचलून धरले. पणजीत १९४५ पासून त्याचा पुतळा उभा आहे.

मी शाळा थोडी शिकलेला, कामगारांत वावरणारा माणूस. संप यशस्वी झाला, की लोक माझ्या गळ्यात हार घालतात आणि मलाही क्षणभर वाटते, हे माझ्या भाषणाने झाले! अशा वेळी मला फारिया आठवतो. बापाने दोन शब्द दिले, बोलला मुलगाच. आम्हीही गेटसभेत शब्दच देतो. महिनाभर पगाराविना घर चालवून टिकतात, ते ऐकणारे.