इंधनाचें माप

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. मोटारसायकलींत हें माप पूर्वीं कार्बुरेटर राखीत असे. १ एप्रिल २०२० पासून भारतांत ‘भारत स्टेज ६’ हे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत तें काम इंजेक्टरकडे आलें. तो किती क्षण उघडा ठेवावयाचा, हें गाडींतील लहानसा संगणक ठरवितो.

हौशी मालक सायलेन्सर व एअर फिल्टर बदलतो, तेव्हां हवेचें मान बदलतें. संगणकाच्या तक्त्यांतील आंकडे मात्र जुनेच राहतात. म्हणून संगणक व इंजेक्टर यांच्यामध्यें एक निराळा नियंत्रक जोडतात. तो इंजेक्टरच्या उघडझापीचा काळ कमीअधिक करतो. जोडणीपूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडावी. नंतर गाडी रोलरवर चालवून व धुरांतील प्राणवायु मोजून, इंजिनच्या निरनिराळ्या वेगांस आणि थ्रॉटलच्या निरनिराळ्या स्थितींस योग्य तो आंकडा भरतात. पूर्ण जोर हवा असेल तेथें हवेचें प्रमाण १३ च्या आसपास आणतात.

इंधन फार कमी पडल्यास पिस्टन जळण्याचें भय. फार झाल्यास प्लग काजळतो व धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. नियंत्रक जोडणें सोपें. खरें काम मोजमापाचें. कानास गोड लागणारा आवाज हा अचूक मापाचा पुरावा नव्हे.