उन्हात रंग फसवतो

पहाटेचे सहा. उद्या शनिवार, चाकणचा बाजार. म्हणून रस्त्याकडेच्या घिसाड्याच्या पालापुढं आगटी आजच लवकर पेटलीय. कोळसा लोणारी. दगडी कोळशातलं गंधक पोलादाला बाधतं, याला ती भीती नाही. चामड्याचा भाता गेला, हातानं फिरवायचा पंखा आला. शाळेची वेळ होईस्तोवर पोरगा तो फिरवतो.

सातला भंगारातल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा आगीत जातो. पाटाच का? त्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो. बांधकामाच्या सळईत त्याच्या निम्म्याच्या आसपास; तिची सुरी केली तर धार दोन दिवसही टिकायची नाही.

आठ ते अकरा घणाचं काम, आणि घण बाईच्या हातात. लोक कौतुक करतात सांडशी धरून बसलेल्या कारभाऱ्याचं. माझं मत तसं नाही. त्याचा लहान हातोडा जागा दाखवतो, तिथं तिचा घण पडतो. हातोडा नुसत्या ऐरणीवर वाजला की ती थांबते. तापलेलं पोलाद केशरी आहे तोवरच मारायचं, काळवंडलं की परत आगीत. थंड झाल्यावर ठोकलं तर चीर जाते. आणखी एक मेख आहे. धारेची बाजू पातळ होते तशी ती लांबते आणि पातं पाठीकडे वळतं. म्हणून कारभारी पात्याला आधीच उलटा बाक देऊन ठेवतो. ठोकता ठोकता ते आपोआप सरळ येतं.

मग पातं तापवून राखेत पुरतात. हळूहळू निवून ते नरम पडतं, म्हणजे कानस चालते. तोवर भाकरी, ठेचा.

दोन ते पाच कानस. धार मिलिमीटरभर जाडच ठेवायची. फार पातळ केली तर पाणी देताना वाकते, नाहीतर तडकते.

पाणी मात्र दिवस कलल्यावरच. उन्हात तापलेल्या पात्याचा रंग फसवतो. साधारण 770 अंशांना पोलादाला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्याही पुढं, 850 च्या आसपास न्यायचं, आणि मोजायला फक्त डोळा. हे पोलाद खरं तर तेलाचं, पाण्यात सबंध बुडवलं तर तडकायची धास्ती. म्हणून नुसती धार बुडवायची, लगेच वर काढायची, विटेवर घासून उजळवायची. पाठीत उरलेली आच धारेकडे उतरू लागते आणि तिच्यापुढं रंग सरकतात: आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ देतात, त्याला लाकडाचे घाव सोसायचे असतात. सुरीला पिवळाच हवा.

"आलं पिवळं, बुडवा!" ती ओरडते. सुरी सबंध पाण्यात.

सातला बाभळीची मूठ: शेपूट तापवून लाकडात ठोकलेलं, वर लोखंडी कडं. मग ओल्या दगडावर धार.

एक गिऱ्हाईक आजच येऊन ठेपलंय. कांदा चिरून बघते, सुरी उलटीसुलटी करते. "गंजेल की गं ही."

"गंजणारच ताई. लिंबू कापलं की लगेच धुवा, पुसून तेलाचं बोट फिरवा."

"मग थोडं कमी कर."

"धार गेली तर आणा, फुकट पाजळून देईन. दर हाच."