उसाचे बिल आले. म्युच्युअल फंडात घालावे काय?

उसाचे बिल किंवा कापसाची पट्टी हाती पडली, की कोणीतरी घरी येऊन सांगतो, "बँकेत काय मिळतंय? म्युच्युअल फंडात घाला." घालायचे की नाही हे तुम्हीच ठरवा, पण आधी ही भानगड काय आहे ते समजून घ्या.

अनेकांचे पैसे एकत्र करून जाणकार व्यवस्थापक ते शेअर्समध्ये किंवा कर्जरोख्यांत गुंतवतो. तुमच्या वाट्याला युनिट येतात. युनिटचा भाव २० रुपये असेल, तर हजार रुपयांत ५० युनिट मिळतात. भाव २५ झाला तर त्याचे १२५० होतात. १६ वर उतरला तर ८०० च उरतात. बाजार समितीतल्या भावासारखेच हे. हमीभाव मात्र इथे नाही.

ही गोष्ट पूर्वी पुष्कळांना उशिरा कळली. युनिट ट्रस्टची 'यूएस-६४' योजना १९६४ साली निघाली. सरकारी म्हणून लोकांनी ती ठेवीसारखीच मानली. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री थांबवली गेली आणि ऐन नडीला लोकांचे पैसे अडकले. आज फंडांवर सेबीची देखरेख आहे. पण देखरेख म्हणजे नफ्याची हमी नव्हे. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, फंडाला नाही.

म्हणून बी-बियाणे, खत, सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न यांचा पैसा शेअर्सच्या फंडात घालू नका. पाच-सात वर्षे हात लावावा लागणार नाही, तेवढाच घाला. दुधाच्या पगारातून दरमहा ५०० रुपयेही भरता येतात; त्याला 'एसआयपी' म्हणतात. भाव पडला, की तेवढ्याच पैशात जास्त युनिट मिळतात.

पॅन, आधार आणि बँक खाते लागते. २०१३ पासून एजंटाशिवाय थेट योजनाही घेता येते. तीत कमिशन वाचते. एजंट असेल तर त्याचा एआरएन क्रमांक विचारा. चेक फंडाच्याच नावाने लिहा, रोख देऊ नका, कोऱ्या अर्जावर सही तर मुळीच नको. आणि "दोन वर्षांत दामदुप्पट" असे कोणी म्हणाला, तर त्याला चहा जरूर पाजा. चेक मात्र देऊ नका.