निळ्या ठिपक्याच्या मागे: अनोळखी शहरातले पहिले तीन दिवस

हनोईतली माझी तिसरी रात्र. मंगळवार, साडेदहा वाजून गेलेले. फोनने एक टक्का दाखवला आणि मान टाकली, आणि मी जुन्या शहरातल्या एका चौकात उभी. हॉस्टेल फार तर दहा-पंधरा मिनिटांवर असणार, पण कुठल्या दिशेला ते काही केल्या सांगता येईना. तीन दिवस याच गल्ल्यांतून हिंडत होते. आणि लाजेची गोष्ट म्हणजे माझी पीएचडी चाललीय ती जागेच्या स्मृतीवर. आमच्या लॅबमधले उंदीर एवढ्या दिवसांत चक्रव्यूहातला रस्ता बऱ्यापैकी पाठ करतात.

त्या रात्रीचं पुढे सांगते. आधी त्या तीन दिवसांत डोक्यात काय घडत होतं, आणि काय घडायचं राहून गेलं, ते बघू. तुम्हीही कधी एकट्याने पाठीवर सॅक टाकून निघणार असाल तर उपयोगी पडेल.

सुरुवात पहिल्या रात्रीपासून. आठ खाटांची खोली, थकून आडवी झाले, तरी तासातासाला जाग. सकाळी आईचा फोन. "झोप लागली का गं?" "नाही." "जेट लॅग असेल." पण हनोईचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास पुढे आहे, तेवढ्याने काही होत नाही. हे प्रकरण वेगळं आहे. झोपेवर काम करणाऱ्यांना ते फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून प्रयोगशाळेतल्या पहिल्या रात्रीची नोंद ते बहुतेकदा बाजूलाच ठेवतात. मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 2016 साली नेमकी तीच रात्र तपासली. नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या भागातलं एक जाळं उजव्या भागाइतकं खोल झोपत नव्हतं. उजव्या कानात वेगळा आवाज सोडला, जो मुख्यतः डाव्या बाजूला पोचतो, की लोक जास्त वेळा आणि लवकर जागे होत. त्याच जागी पुन्हा झोपायला बोलावलं तेव्हा हा फरक दिसला नाही. थोडक्यात, अर्धा मेंदू राखणीला बसलेला असतो. त्यामुळे पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणून "मला एकटीला हे झेपणार नाही" असा निष्कर्ष काढू नका. मी पहाटे चार वाजता काढला होता.

सोमवारी सकाळी विमानतळावर घेतलेलं सिमकार्ड चालू होईना. नेट नाही, नकाशा नाही. हॉस्टेलच्या मुलीने हाताने दिशा दाखवली आणि म्हणाली, होआन किएम तळं, सरळ जा. मी निघाले.

हनोईच्या जुन्या शहरात रस्त्यांची नावं मालावरून पडलेली आहेत. 'हांग' म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदी, हांग दुओंग म्हणजे साखर, हांग थिएक म्हणजे कथील. आपल्याकडे तांबट आळी, बोहरी आळी असते ना, तसंच. गंमत अशी, की एकच सरळ रस्ता तीन-चारशे पावलांवर नाव बदलतो. तळ्याच्या उत्तर टोकापासून निघालात तर आधी हांग दाओ, मग हांग न्गांग, मग हांग दुओंग, आणि पुढे दोंग शुआन बाजार. मी हाच रस्ता उलटा चालत तळ्यावर गेले. आमच्या हॉस्टेलजवळ लान ओंग नावाचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना वनौषधींची दुकानं, मुळं, साली, सुकी फुलं पोत्यांनी मांडलेली. काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यावर येतो तसला वास. पुढे हांग थिएकमध्येही भरकटले, तिथे फुटपाथवर बसून पत्रे ठोकणारे कारागीर. त्या ठोकाठोकीने मला कसब्यातली तांबट आळी आठवली. दोनदा चुकले, एकदा गोल फिरून त्याच फोवाल्या बाईसमोर आले. ती हसली. मीही हसले.

दुपारी सिम चालू झालं. तिथून पुढे दोन दिवस मी निळ्या ठिपक्याच्या मागे चालले.

आता मेंदूकडे येऊ. 1948 साली एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की चक्रव्यूहातला उंदीर नुसती 'डावीकडे, मग उजवीकडे' अशी वळणं घोकत नाही, तो डोक्यात नकाशा बनवतो. तेव्हा पुष्कळांना हे पटलं नव्हतं. 1971 मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की चेततात. प्रत्येक पेशीला जणू आपापला कोपरा वाटून दिलेला. या प्लेस सेल. मग 2005 मध्ये माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला शेजारच्या भागात ग्रिड सेल सापडल्या. त्यातली एक पेशी कुठेकुठे चेतते याच्या खुणा जमिनीवर मांडल्या, तर एकाआड एक ओळी सरकवून काढलेल्या रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षी उमटते. 2014 चं नोबेल ओकीफ आणि मोझर पतीपत्नींना मिळालं ते यासाठी.

नव्या जागेत प्लेस सेल काही मिनिटांतच आपापले कोपरे धरू लागतात. म्हणजे नकाशा बनवायला मेंदू हजर असतो, आणि तुम्ही काय करता यावर बरंच ठरतं. लंडनमध्ये ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने 2017 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सोहो भागात पायी फिरवून आणलं आणि नंतर स्कॅनरमध्ये झोपवून त्याच गल्ल्यांची फिल्म दाखवली. काही वेळा वळण त्यांनी स्वतः ठरवायचं, काही वेळा 'आता डावीकडे' अशी सूचना मिळायची. स्वतः ठरवताना नव्या रस्त्यात शिरलं, की पुढे किती रस्ते फुटतात त्या प्रमाणात हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढत होती. सूचना पाळताना तसं काही दिसलं नाही. सात रस्त्यांचा चौक असो की सरळ बोळ, मेंदूचा हा भाग त्याची दखलच घेत नव्हता.

हे स्कॅनरमधलं झालं. रस्त्यावरचं बघायचं तर जपानमध्ये तोरू इशिकावा आणि सहकाऱ्यांचा 2008 चा अभ्यास आहे. काहींना जीपीएस दिलं, काहींना कागदी नकाशा, आणि काहींना आधी एकदा सोबत नेऊन रस्ता दाखवला. जीपीएसवाले इतरांपेक्षा जास्त अंतर चालले, जास्त वेळा थांबले. सोबत जाऊन रस्ता पाहिलेल्यांशी तुलना केली, तर त्यांनी नंतर काढलेले नकाशेही जास्त चुकलेले होते. मला स्वतःला मात्र लंडनच्या चालकांचा अभ्यास जास्त पटतो. तिथल्या टॅक्सीवाल्यांचा हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा असतो, हे एलिनॉर मॅग्वायर यांचं 2000 सालचं काम तुम्ही ऐकलं असेल. 2006 मध्ये त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बसचालकांशी केली. शहर तेच, गर्दी तीच, गाडी चालवण्याची वर्षंही तुलनेजोगी. पण बसचा मार्ग ठरलेला. आणि तो भाग टॅक्सीवाल्यांचाच मोठा निघाला. दोन दिवस मी हनोईत बस चालवत होते म्हणा ना.

तर मंगळवारची रात्र. चौकात उभी राहून मी आठवायला लागले, आणि लक्षात आलं की दोन दिवसांतलं जे आठवतंय ते सगळं सुटं आहे. एक कॅफे, एक देऊळ, एक वडाचं झाड. कुठलं कुठल्या बाजूला, पत्ता नाही. हॉस्टेलचं कार्ड खोलीत. घाबरले का? हो. एकटी मुलगी, भाषा येत नाही, दुकानांची शटरं पडत चाललेली. चहाच्या टपरीवर आवराआवर करणाऱ्या आजींना "होआन किएम?" विचारलं. माझा उच्चार त्यांना कळेना. मग बोटांनी पाण्याच्या लाटा करून दाखवल्या, तशी त्यांनी हात केला. सहा-सात मिनिटांत तळं दिसलं.

तळ्यापासून मात्र मला वाट येत होती. सोमवारी सकाळी नकाशाशिवाय चाललेली तीच एक. तरी रात्री ती वेगळीच होती. ठोकाठोकी बंद, पोती आत, ओळखीच्या पाट्या शटरांमागे गेलेल्या. दिवसा लक्षात ठेवलेल्या खुणा रात्री जागेवर असतीलच असं नाही, हे आमच्या चक्रव्यूहात कधी सुचलं नव्हतं. तिथे दिवे आम्हीच लावतो. मी हांग दाओवरून सरळ चालत राहिले, आणि डावीकडून तो मुळा-सालींचा वास आला. दुकानं बंद होती, वास नव्हता. लान ओंगला वळले आणि हॉस्टेलचा दिवा दिसला.

तुम्ही जाल तेव्हा फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही. रात्री उशिरा, अनोळखी भागात, तो हवाच, आणि चार्ज केलेला हवा. हॉस्टेलचं कार्ड खिशात हवं. पण पहिल्या दिवशी उजेडात तास-दोन तास तो खिशात ठेवा. तळं, नदी, मिनार, कुठूनही विचारता येईल अशी एक मोठी खूण धरा आणि तिथून राहत्या जागेपर्यंत स्वतः वळणं ठरवत जा-ये करा. प्रत्येक वळणावर मागे वळून बघा, कारण परतताना रस्ता तसा दिसणार असतो. नकाशा बघायचाच तर निघण्याआधी पूर्ण बघा, मग चाला. आणि त्या रात्री नीट झोपा, निदान प्रयत्न करा. नव्या वाटा पक्क्या व्हायला गाढ झोप लागते.

बुधवारी मी फोन बंद करून लाल नदीवरच्या लाँग बिएन पुलापर्यंत गेले आणि परत आले. तीनदा चुकले. संध्याकाळी हॉस्टेलच्या कार्डामागे पेन्सिलीने नकाशा काढला आणि खऱ्या नकाशाशी ताडून बघितला. पूल जवळपास बरोबर जागी होता. लान ओंग मात्र प्रत्यक्षापेक्षा दुप्पट लांब काढला होता, आणि निळ्या ठिपक्याबरोबर पाहिलेलं ते वडाचं झाड कुठे टाकायचं ते अजूनही कळलेलं नाही.