तीन हजारांचे नऊ लाख, आणि पत्रामागे पंचवीस सेंट

न्यू यॉर्कचे पत्रकार मॉर्डेकाय नोआ यांनी १८१८ साली अमेरिकेतल्या ज्यूंची संख्या अंदाजे ३,००० धरली होती. १८९७ साली डेव्हिड सुल्झबर्गर यांचा अंदाज होता ९,३७,८००. म्हणजे ७९ वर्षांत ३१२ पट! त्याच सुमारास, १८२० ते १९०० या काळात, अमेरिकेची एकूण लोकसंख्या ९६ लाखांवरून ७ कोटी ६० लाखांवर गेली. ही वाढ आठपटसुद्धा भरत नाही.

पण आधी त्या पहिल्या तीन हजारांकडे बघू. ९६ लाखांत ३,००० म्हणजे ३,२०० माणसांमागे एक. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. लोकवस्ती सारखी पसरलेली असती तर बायकामुले धरून दहा ज्यू जमवायला ३२,००० माणसे चाळावी लागली असती. म्हणून मंडळी न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन अशा मोजक्या शहरांना धरून राहिली. पुढे जर्मनीतून आलेली पोरे पाठीवर गाठोडे मारून फेरीचा धंदा करत आतल्या मुलखात शिरली आणि ही वीण आणखी विरळ झाली. धर्माचे विचारायचे तरी कोणाला? पहिले ज्यू न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यू यॉर्कला, उतरले १६५४ साली आणि रीतसर दीक्षा घेतलेले पहिले रब्बी, अब्राहम राइस, अमेरिकेत पोहोचले १८४० साली. मध्ये १८६ वर्षे गेली.

एवढ्या लांबवर पसरलेल्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, टपाल. आणि ते भलतेच महाग होते. १८४५ पर्यंत ४०० मैलांपलीकडच्या पत्राला एका कागदामागे २५ सेंट पडत. दोन कागद, दुप्पट. पाकीट वापरले तर तेही एक कागद धरत. त्यामुळे पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करायची आणि पाठीवर पत्ता लिहायचा. मजुराला तेव्हा दिवसाकाठी जेमतेम डॉलरभर मिळे.

फिलाडेल्फियाच्या रेबेका ग्रॅट्झ यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १८१९ साली गरीब ज्यू स्त्रियांसाठी मदतसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि १८३८ साली मुलांसाठी रविवारची हिब्रू शाळा काढली. त्यांचा भाऊ बेंजामिन केंटकीत, लेक्सिंग्टनला राहायचा. अंतर ४०० मैलांहून जास्त. आठवड्याला एका कागदाचे एक पत्र धरले तर वर्षाचे १३ डॉलर. १८५१ नंतर आगाऊ पैसे भरलेले अर्ध्या औंसाचे पत्र तीन हजार मैलांपर्यंत ३ सेंटांत जाऊ लागले. तोच हिशोब एक डॉलर ५६ सेंटांवर आला!

दर उतरत होते तशा टपालकचेऱ्या वाढत होत्या. १८४० साली देशात त्या १३,४६८ होत्या. १८६० साली २८,४९८. आयझॅक लीसर यांना याचा मोठा आधार झाला. फिलाडेल्फियाच्या मिकवे इस्रायल सिनॅगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या लीसर यांनी १८४३ साली ‘ऑक्सिडेंट’ हे मासिक सुरू केले. नव्या सिनॅगॉगची बातमी, धर्मनियमांवरचे वाद, दूरच्या वस्त्यांची ख्यालीखुशाली, सारे त्यांच्याकडे पत्रांतून येई आणि छापून पुन्हा टपालानेच गावोगाव जाई. १८६८ साली मरेपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही.

मात्र स्वस्त झाले म्हणजे वेगवान झाले असे नव्हे, आणि समुद्रापलीकडे तर नाहीच. १८४० साली दमास्कसच्या ज्यूंवर नरबळीचा खोटा आळ आला आणि कित्येकांना कोठडीत डांबले. १४ ऑगस्टला वॉशिंग्टनहून अलेक्झांड्रियातल्या अमेरिकन वाणिज्यदूताला हस्तक्षेपाची सूचना लिहिली गेली. २७ ऑगस्टला फिलाडेल्फियात निषेधसभा भरली. आणि २८ ऑगस्टला दमास्कसवर तेव्हा ताबा असलेल्या इजिप्तच्या मेहमत अलीने कैद्यांच्या सुटकेचा हुकूम काढला. म्हणजे सुटका ठरली तेव्हा वॉशिंग्टनचे पत्र अजून वाटेतच होते, आणि आदल्या दिवशी तळमळून बोललेल्या फिलाडेल्फियाकरांना कित्येक आठवडे त्याचा पत्ताही नव्हता.

अमेरिकेतल्या ज्यूंच्या संख्येचा आणखी एक आकडा तर खुद्द पत्रव्यवहारातूनच आला. अमेरिकेची जनगणना माणसाला त्याचा धर्म विचारत नसे. तेव्हा ज्यू संघटनांनी स्वतःच गावोगावच्या मंडळींकडे विचारणा केली, आलेली उत्तरे फिलाडेल्फियाच्या विल्यम हॅकनबर्ग यांनी जुळवली आणि १८८० साली बेरीज छापली: २,३०,२५७. पूर्व युरोपातून येणारा मोठा लोंढा तर त्यानंतरचा.

या समाजाला ना मुख्य रब्बी होता, ना सगळ्यांवर हुकूम चालेल अशी गादी. माणसे जहाजांनी आणली हे खरे. पण विखुरलेल्या त्या माणसांचा एक समाज झाला, याचे बरेचसे श्रेय तीन सेंटांच्या तिकिटाला द्यावे लागेल.