दोन दिवसांत रेवदंडा: आधी पंचांग, मग तिकीट

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील नोकरदारांचा आठवडा लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ६८ किलोमीटरचे. जाऊन-येऊन रोजचे सुमारे तीन तास डब्यात जातात. शनिवार-रविवारी कुटुंबासह समुद्रकिनारी जाण्याचा बेत ठरला, तरी निम्मी सुटी पुन्हा प्रवासातच सरते. हे टाळायचे असेल, तर रेल्वेच्या वेळापत्रकाबरोबर समुद्राचेही वेळापत्रक पाहावे लागते.

युरोपातील अनेकजण दोन दिवसांची सुटी काढून स्पेनच्या एखाद्या बंदरात जाऊन येतात. येथून ते शक्य नाही. शेंगेन व्हिसाच्या निर्णयालाच साधारणतः पंधरा दिवस लागतात. मात्र, एके काळी स्पेनच्या राजाच्या अमलाखाली असलेले बंदर रायगड जिल्ह्यातही आहे. ते म्हणजे अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवरील रेवदंडा. येथील तटबंदी पोर्तुगीजांची. पोर्तुगालची गादी १५८० मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि १६४० पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच राहिला. खाडीपलीकडील कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला, तो याच काळात, १५९४ मध्ये. पुढे १७४० मध्ये ही ठाणी मराठ्यांकडे आली.

जाण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग जलमार्गाचा. शनिवारी पहाटेची लोकल पकडून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे आणि तेथून बस किंवा टॅक्सीने गेट वे ऑफ इंडियावर जावे. कॅटमरान सुमारे तासाभरात मांडव्याला पोहोचते. मांडवा ते अलिबाग हे अंतर सुमारे २० किलोमीटरचे असून अनेक बोटींच्या तिकिटात या बसचे भाडे धरलेले असते. पावसाळ्यात, साधारणतः जून ते ऑगस्ट, गेट वेवरून सुटणाऱ्या या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यातून मोटारही नेता येते; पण वादळी हवामानात तीही थांबते.

दुसरा मार्ग रस्त्याचा. बदलापूर, कर्जत, खोपोली, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठता येते. मुंबईकडे उलटे जाण्याचे कारण उरत नाही, हा याचा मोठा फायदा. ज्यांच्याकडे वाहन नाही, त्यांना खोपोलीपर्यंत लोकल आणि पुढे पेणमार्गे एसटी असा टप्प्याटप्प्याचा प्रवास करता येतो. सोबत ज्येष्ठ नागरिक असतील, तर लोकल, टॅक्सी, बोट, बस अशी चार वेळा चढ-उतार त्यांना झेपेल काय, याचा विचार आधीच करावा.

भरती-ओहोटीचे गणित

अलिबागला थांबणाऱ्या बहुतेकांना कुलाबा किल्ला पाहायचा असतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधकाम सुरू केलेला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांचे प्रमुख ठाणे ठरलेला हा किल्ला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते. भरती लागली की वाट बुडते आणि वेळेचा अंदाज चुकलेले पर्यटक किल्ल्यातच अडकून पडतात. घाईने पाण्यात उतरणे तर जिवावर बेतू शकते.

यासाठी किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा पूर्ण भरतीची घटिका दाखवतो. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येला दुपारी भरती असते. त्यामुळे शनिवारी पौर्णिमा आली, तर त्या दिवशी दुपारी किल्ला पाहण्याचा बेत करू नये. रविवारी, प्रतिपदेला, सकाळी पावणेसातच्या सुमारास ओहोटी मिळते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जितके चढते, तितकेच दूरवर ओसरते. अष्टमीच्या भांगाला ते कमी ओसरते आणि वाटेत पाणी राहू शकते. म्हणून हा हिशेब केवळ अंदाजापुरता धरावा. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावरील स्थानिकांनाही विचारावी. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघून, पाणी फिरण्यापूर्वीच परतीची वाट धरणे श्रेयस्कर.

काय पाहावे

कुलाबा किल्ल्यात १७५९ मध्ये राघोजी आंग्रे यांनी बांधलेले गणेश मंदिर आणि गोड्या पाण्याचे तळे आहे. अलिबाग शहरात कान्होजींची समाधी आणि चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईतील विजेच्या ट्रामचा अडथळा नको, म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये येथे आणण्यात आली. रेवदंड्याला तटाच्या आतच वस्ती आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांतून उभा असलेला सातखणी मनोरा पोर्तुगीज काळातील चर्चचा. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली ऐकू येते. मुक्कामासाठी नागाव, आक्षी, चौल आणि रेवदंडा येथे घरगुती सोय होते. सलग सुट्यांच्या वेळी मात्र आधीच ठरवून निघावे.

रविवारची परतीची वाट

खरी कसोटी रविवारी लागते. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा रविवारी दुपारच्या वेळेत असतो आणि त्याची घोषणा एक-दोन दिवस आधी होते. शुक्रवारी ती पाहून मगच परतीची बोट ठरवावी. मांडव्याहून शेवटची बोट केव्हा आहे, हे शनिवारी उतरतानाच विचारून घ्यावे; संध्याकाळच्या बोटींना मोठी गर्दी असते. रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास मांडवा सोडले, तर रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येते. सोमवारी पहाटे पुन्हा तीच लोकल गाठायची असते; त्यापूर्वीची झोप हाही सहलीच्या नियोजनाचाच भाग समजावा.