काकांची एकच चप्पल

मराठी स्टँडअपच्या कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था मी सांभाळतो. प्रेक्षकांना दिसतो एक माणूस, एक माइक आणि पाण्याची बाटली. आमची झटापट चालते ती रिकाम्या खुर्च्यांशी. माणसं विखरून बसली की जो तो एकटाच हसतो आणि संकोचून थांबतो. म्हणून बाल्कनी बंद करायची, मागे बसलेल्यांना हात जोडून पुढे आणायचं. पुढच्या रांगांवर मंद उजेडही ठेवायचा. चेहरे दिसले नाहीत तर कलाकाराची लय बिघडते.

आमच्या एका कलाकाराचा किस्सा होता, ‘बरं, निघतो’ म्हणून दारात गप्पा मारत राहणाऱ्या काकांचा. कॅफेतल्या ट्रायल शोला तो सपशेल पडला. रात्री आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. त्याचं वाक्य होतं, ‘काकांनी एकच चप्पल घातली होती आणि त्यांच्या गप्पा अजून चालूच होत्या.’ चपलेवर लोक हसायला लागले होते, पण हा पुढे बोलतच राहिला. त्यानं शेपूट कापलं. ‘तासाभरानं बघतो, तर काकांच्या पायात एकच चप्पल.’ आणि गप्प उभा राहिला. पुढच्या शोला असा हशा उसळला की त्याला मिनिटभर थांबावं लागलं. शांत उभं राहायला त्याला विनोद लिहिण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

स्टँडअप म्हणजे परदेशी नक्कल, असं काही जण म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ १९६१मध्ये एकट्यानं रंगमंचावर आणली. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ पात्रं एकट्यानं उभी केली. रोजच्या जगण्यावर एकट्यानं बोलून नाट्यगृह बांधून ठेवणं मराठी माणसाला नवं नाही.

कार्यक्रमाच्या चित्रीकरणाच्या दिवशी बहुधा सलग दोन प्रयोग होतात. दोन्हींतले चांगले तुकडे जोडायचे असल्यानं शर्ट तोच लागतो. पहिल्या प्रयोगात घामानं भिजलेला शर्ट रंगपटात आम्ही हेअर ड्रायरनं वाळवलाय, बाहेर दुसऱ्या प्रयोगाची रांग लागलेली असताना.

शेवटी एक कळकळीची विनंती. ट्रायल शोला आलात तर मोबाइल खिशातच ठेवा. तिथं ऐकता तो विनोद अजून घडत असतो. त्याची क्लिप आधीच फिरली की तिकीट काढून आलेल्याला तो शिळा लागतो आणि कलाकाराला तो टाकून द्यावा लागतो.